चौथा फाटा

स्नेहल सातकरला गेल्या पाच महिन्यांत सलग दोन दिवस सुट्टी मिळाली नव्हती. लोणावळ्यात शिरायच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून असलेल्या त्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणारे पूर्वी दोघं होते. जूनमध्ये दुसऱ्याने पुण्याची नोकरी धरली. तेव्हापासून वडगावपासून घाटापर्यंत कुणाची रक्तवाहिनी तुटली, फाटली, तुंबली की फोन तिलाच यायचा. सुरुवातीला ती चिडायची. आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. फोन वाजला की ती उठायची, चप्पल घालायची आणि निघायची.

दिवाळी होऊन गेली होती. कान्ह्याला, तिच्या गावी, घरची भातकापणी चालू होती. वडील, हौशीराम सातकर, रोज सकाळी फोन करून किती खाचरं कापून झाली ते सांगायचे आणि शेवटी कधी येतीस म्हणून विचारायचे. या रविवारी येते, असं ती तीन रविवार म्हणाली होती. चौथ्या वेळी त्यांनीच विचारणं सोडून दिलं, आणि तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या सोमवारी ती साडेआठला वॉर्डात आली. शनिवार-रविवार पर्यटकांनी रस्ते भरून जातात, त्याचा निचरा सोमवारी रुग्णालयात होतो. घसरलेल्या मोटारसायकली, मोडलेले घोटे, टाके. पावणेदहाला कामशेतहून रुग्णवाहिका आली. त्यातली बाई स्ट्रेचरवर पडून होती, पण शुद्धीवर होती आणि पायातली चप्पल कुठं राहिली ते विचारत होती.

तिचं नाव रूपा. पवनानगरच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची वाडी आहे, तिथली. वय छत्तीस. पवनेच्या काठावरच्या एका कॅम्पसाइटवर ती शनिवार-रविवार भाकऱ्या भाजायला जायची. तंबूत राहायला येणाऱ्यांना चुलीवरची भाकरी लागते, आणि एका बैठकीत दीडशे भाकऱ्या थापणारी बाई दुसरी मिळत नव्हती. सोमवारी सकाळी काम उरकून ती पवनानगरहून कामशेतला जाणाऱ्या जीपमध्ये पुढं बसली. वळणावर समोरून एक गाडी चुकीच्या बाजूने आली. जीपवाल्याने गाडी ओढली आणि ती मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. मागच्या सात जणांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रूपाची छाती पुढच्या फळीवर आपटली. तरी ती स्वतःच खाली उतरली, कठड्यावर बसली, आणि लोक म्हणाले की हिला तर काहीच लागलेलं नाही.

सीटी स्कॅनमध्ये दिसलं ते वेगळं होतं. डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, प्लीहेला लहानशी भेग होती, आणि हृदयातून निघून पाठीकडे वळणाऱ्या महाधमनीला, तिच्या कमानीच्या शेवटी, आतून चीर गेली होती. त्या ठिकाणी रक्तवाहिनीचा फुगा आला होता. आतले दोन थर फाटले होते आणि बाहेरचा एकच पातळ पापुद्रा सगळा जोर अंगावर घेऊन उभा होता. अशी माणसं बहुतेक वेळा रस्त्यावरच जातात. जी रुग्णालयापर्यंत पोचतात, त्यांचा रक्तदाब खाली धरून ठेवायचा, म्हणजे पापुद्र्यावर भार येत नाही, आणि मग जांघेतून तार घालून, महाधमनीला आतून कापडी अस्तराची जाळीदार नळी बसवायची. फाटलेल्या पाइपात दुसरा पाइप सरकवावा तसं. स्नेहलने हे काम या रुग्णालयात अकरा वेळा केलं होतं.

स्कॅनचा रिपोर्ट बाहेरच्या एका सेंटरमधून यायचा. त्यात चिरेचं माप दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, कमानीचे फाटे नेहमीप्रमाणे. स्नेहलने तो उभ्या उभ्या वाचला. नळीचं माप काय लागेल त्याचा अंदाज केला आणि ती आयसीयूत गेली.

सविता सिस्टर कामशेतची. वीस वर्षं याच कामात. ती म्हणाली की औषध चालू केलंय, उजव्या हाताला प्रेशर एकशेआठ आहे, छान खाली आलंय. महाधमनीला असा मार लागला की डाव्या हाताची धमनी चिरेच्या जवळ असल्यामुळे डाव्या हाताचा आकडा फसवा असू शकतो, म्हणून उजव्याच हातावर भरवसा ठेवायचा, हे तिला स्नेहलनेच शिकवलं होतं.

स्नेहलने रूपाची दोन्ही मनगटं हातात घेतली. त्यात विचार असा काही नव्हता. नवीन रुग्णाजवळ गेली की ती तसं करायचीच. डाव्या मनगटात नाडी ठणठण उडत होती. उजवीकडे मऊ, दबकी, शोधावी लागेल अशी. ती तशीच थांबली. बोटं बदलून पाहिली. मग तिने डाव्या हाताला पट्टा बांधायला सांगितलं.

डावीकडे प्रेशर एकशेछप्पन्न होतं.

सविताने औषधाचा पंप वाढवला आणि पट्टा डावीकडेच ठेवला. दोन तास सगळे जण उजव्या हाताचा आकडा बघून निश्चिंत होते आणि त्या पापुद्र्यावर एकशेछप्पन्नचा मारा चालू होता.

“उलटं कसं झालं हे, मॅडम?” सविताने हळू आवाजात विचारलं.

“बघते,” स्नेहल म्हणाली.

ती संगणकासमोर जाऊन बसली आणि रिपोर्ट बाजूला ठेवून चित्रं एकेक करून पाहू लागली. महाधमनीच्या कमानीतून वर तीन फाटे निघतात. पहिला जाड, तो पुढं जाऊन उजव्या हाताला आणि मानेच्या उजव्या बाजूला विभागतो. दुसरा मानेच्या डाव्या बाजूला जातो. तिसरा डाव्या हाताला. रूपाचा पहिला फाटा बारीक होता. तो नुसता मानेकडे गेला, हाताकडे वळलाच नाही. दुसरा, तिसरा जागच्या जागी होते. आणि तिसऱ्याच्याही पुढं, कमान संपते तिथं, चिरेला अगदी खेटून, चौथा फाटा होता. तो डावीकडून निघून, अन्ननलिकेच्या मागून आडवा जाऊन, उजव्या हाताला पोचत होता. फुग्याने त्याचं तोंड अर्धं दाबून टाकलं होतं. म्हणून उजवी नाडी दबकी.

शंभरात एखाद्या माणसाची रचना अशी असते. आयुष्यभर त्याला पत्ता लागत नाही. पण नळी बसवायची तर तिला चिरेच्या अलीकडे धड भिंतीची दोन सेंटिमीटर जागा धरावी लागते. त्या जागेत रूपाच्या दोन्ही हातांच्या धमन्या येत होत्या. नळी बसली की दोन्हींची तोंडं बंद. आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन्ही रक्तवाहिन्या त्याच दोन धमन्यांतून निघतात.

स्नेहलने चष्मा काढून डोळे चोळले. तीन वर्षांपूर्वी तिने बेगडेवाडीच्या आदिनाथ नावाच्या एका मुलाची महाधमनी अशीच वाचवली होती. चोवीस वर्षांचा, कंपनीतून सुटून घरी जाताना टेम्पोखाली आला होता. रिपोर्टमध्ये फाटे नेहमीप्रमाणे असंच लिहिलं होतं. तिने अर्ध्या तासात नळी बसवली आणि सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच्या मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी थेट कमानीतून निघत होती आणि ती बसवलेल्या नळीखाली झाकली गेली, हे दुसऱ्या दिवशी त्याला दोन दोन माणसं दिसायला लागली तेव्हा कळलं. आदिनाथ जिवंत आहे. भिंत धरून चालतो. दर सहा महिन्यांनी आई त्याला घेऊन येते आणि तुम्हीच वाचवलंत म्हणून स्नेहलच्या पाया पडायला वाकते. झालं ते स्नेहलने तिला समोर बसवून सांगितलं होतं, दोनदा. तरी ती वाकते. त्या दिवसापासून स्नेहल फाटे स्वतः मोजायची. पण आज सकाळी तिने मोजले नव्हते. पाय दुखत होते, घाई होती आणि कागदावर छापलेलं होतं.

बाहेर बाकावर रूपाचा नवरा शिदू बसला होता. चाळिशीचा, काटक, कुणाच्या तरी भातकापणीवरून तसाच आलेला. पायांना चिखल वाळला होता. स्नेहल त्याच्या शेजारी बसली. उभं राहून बोलायची ताकद तिच्यात नव्हती, हेही एक कारण होतं. तिने त्याला विचारलं की रूपाला घास गिळायला कधी त्रास व्हायचा का.

शिदूने मान वर केली. “तुमाला कुणी सांगितलं?”

मग त्याने सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासूनच ती लय हळू जेवते. भाकरी पाण्यात नाहीतर कालवणात भिजवून, बारीक करून. कोरडा घास छातीत अडकतो म्हणते. लग्नकार्यात पंगत उठली तरी ही एकटीच बसलेली असायची, बाया हसायच्या. त्याची आई म्हणायची की काम टाळायला सोंग करते. एकदा देवऋष्याकडेही नेलं होतं. मग कुणी बोलेनासं झालं आणि ती सगळ्यांच्या मागून, एकटी जेवायला लागली.

“अन् दिसभर भाकऱ्याच थापायचं काम तिच्या नशिबी,” तो म्हणाला.

दुपारी एकला स्नेहल आणि भूलतज्ज्ञ डॉ. सुहास एकत्र बसले. सुहास सर तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. निवृत्तीनंतरही ते येत राहिले होते, कारण त्यांच्या जागी कुणी येत नव्हतं. तिने चित्रं दाखवली. आधी मानेच्या दोन्ही बाजूंना कृत्रिम नळीने जोड द्यायचा, म्हणजे मानेच्या धमनीतून हाताला आणि मागच्या मेंदूला रक्त मिळेल, आणि मगच महाधमनीत अस्तर घालायचं, असं तिचं म्हणणं होतं. पण जोड देताना रक्त पातळ करावं लागतं, आणि प्लीहेची भेग ताजी होती. आज रक्त पातळ केलं तर पोटात रक्तस्राव सुरू होईल. म्हणजे उद्या सकाळपर्यंत थांबायला हवं.

सुहास सरांना ते पटलं नाही. आजच, आत्ताच नळी बसवावी असं ते म्हणाले. हात थंड पडले तर मग जोड देता येईल.

“दोन्ही बाजू एकदम झाकल्या तर नुसते हात नाही जाणार, सर. मागचा मेंदू जाईल.”

“आणि आज रात्री ती चीर फुटली, तर तो मेंदू कुणासाठी वाचवला म्हणायचं?”

सरांचं चूक नव्हतं. पुस्तकातून, शोधनिबंधांतून शोधलं तर अशा रुग्णांची संख्या इतकी थोडी की कुठलाच आकडा धरून बोलता येत नव्हतं. तिने पुण्यातल्या आपल्या जुन्या सरांना फोन लावला. त्यांनी चित्रं मागवून पाहिली. पुण्याला हलवायचं का, यावर बोलणं झालं. रस्त्यात प्रेशर उसळलं तर संपलं, म्हणून ते दोघांनाही नको वाटलं. मीसुद्धा थांबलो असतो, असं ते म्हणाले, पण छातीठोक सांगत नाही, हेही म्हणाले.

फोन ठेवल्यावर सुहास सरांनी चित्रं पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, “डाव्या हाताला शंभरच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी इथंच थांबतो.”

रूपाला विचारायला स्नेहल स्वतः गेली. शिदूलाही तिने आत बोलावलं. रूपा डोळे मिटून होती, पण हाक मारल्यावर तिने उघडले. दुखण्याच्या औषधाने जीभ जड झाली होती. स्नेहल कान्ह्याची बोली बोलायला लागली; एरवी रुग्णालयात ती ही बोली बोलत नसे.

तिने सांगितलं की रूपाताई, तुमच्या छातीतल्या मोठ्या नळीला आतून चीर पडलीय. ती बुजवायची तर तुमच्या दोन्ही हातांचं रक्त अडतंय, कारण तुमच्या उजव्या हाताची नळी चारचौघांसारखी न जाता मागून, घास जातो त्या नळीला दाबून जाते. जन्मापासून तशीच आहे. कोरडा घास अडकतो तो त्याच्यामुळं.

“म्हंजी सोंग न्हाई ते,” रूपा म्हणाली.

“न्हाई.”

रूपाने शिदूकडे पाहिलं. शिदूने मान खाली घातली.

मग स्नेहलने दोन्ही वाटा सांगितल्या. आज केलं तर लवकर सुटका, पण हात आणि डोकं धोक्यात. उद्या केलं तर ते वाचवता येईल, पण आजची रात्र निभावली पाहिजे. नाही निभावली तर काहीच करता येणार नाही. हे शेवटचं वाक्य तिने पुन्हा एकदा, हळू म्हटलं, कारण ते कानावरून जायला नको होतं.

शिदूने विचारलं, “तुमच्या घरचं मानूस असतं तर तुमी काय केलं असतं?”

हा प्रश्न तिला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जायचा. दरवेळी ती काहीतरी मोघम बोलून सुटका करून घ्यायची. आज तिला तेवढीही उसंत नव्हती. “उद्यापातूर थांबले असते,” ती म्हणाली. “अन् रातभर भ्यायले असते.”

शिदूने बायकोकडे बघितलं. रूपा म्हणाली, “हात ऱ्हाऊ द्या माजे. हातावरच पोट हाय.” आणि तिने डोळे मिटले.

रात्र निभावली. डाव्या हाताचा आकडा एकदाच एकशेवीसवर गेला, खोकल्याच्या उबळीने, आणि पाच मिनिटांत खाली आला. स्नेहलला डॉक्टरांच्या खोलीतल्या पलंगावर झोप लागली नाही आणि जागही नीट आली नाही. सकाळी सहाला पोटाची सोनोग्राफी केली तेव्हा प्लीहेतलं रक्त वाढलेलं नव्हतं. साडेसातला रूपाला टेबलावर घेतलं.

आधी गळ्याची डावी बाजू केली. गळ्याखालच्या हाडाच्या वर चार बोटं चीर देऊन स्नेहलने मानेची आणि हाताची धमनी मोकळी केली आणि दोन्हींच्या मधे कृत्रिम नळी शिवली. सव्वा तास लागला. उजव्या बाजूला तिने वेग मुद्दाम कमी केला. ज्या माणसांच्या उजव्या हाताची धमनी अशी मागून जाते, त्यांच्या आवाजाची उजवी नससुद्धा नेहमीच्या वाटेने छातीत उतरत नाही; ती गळ्यातूनच आडवी जाते. जिथं कुणी तिची अपेक्षा करत नाही तिथं ती असते. स्नेहलला ती सापडली. सुतळीहून बारीक, पांढरी. तिला धक्का न लावता खालून धमनी सोडवायला आणखी पाऊण तास गेला. सुहास सर मधे मधे नुसते आकडे सांगत होते.

साडेबाराला दोन्ही जोड चालू झाले. दोन्ही मनगटांत सारखी नाडी लागली. मग सगळ्यांनी शिशाचे एप्रन चढवले आणि स्नेहलने जांघेतून तार वर घातली. क्ष-किरणांच्या पडद्यावर काळी रेघ कमानीपर्यंत चढली. नळी जागेवर आली. सुहास सरांनी प्रेशर सत्तरवर आणलं, श्वास थांबवला, आणि स्नेहलने नळी सोडली. ती हवी तिथं उघडली.

रंगद्रव्य सोडून पाहिलं तेव्हा महाधमनी सरळ, भरलेली दिसली. दोन्ही हातांना रक्त जात होतं. मेंदूच्या मागच्या दोन्ही रक्तवाहिन्या भरल्या. पण चौथ्या फाट्यातून एक बारीक काळी धार उलटी येत होती. गळ्यातल्या जोडातून हाताकडे गेलेलं रक्त मागे फिरून पुन्हा चिरेपाशी शिरत होतं. असं होऊ शकतं हे तिला माहीत होतं. त्यासाठी उजव्या मनगटातून बारीक नळी घालून, त्या फाट्यात जाळीचं छोटं बूच बसवायचं होतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या अलीकडे बोटाच्या पेराएवढीच जागा होती. बूच तेवढ्यात बसलं पाहिजे. पुढं सरकलं तर मेंदूची वाट बंद.

पहिल्यांदा ते नीट पकडलं नाही. तिने परत मागे घेतलं. दुसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा तिच्या लक्षात आलं की बोटं थरथरताहेत. भीती नव्हती ती. सहा तास उभं राहिल्यावर, कित्येक महिन्यांची झोप राहिल्यावर बोटं अशी करतात.

“सर, मला एक मिनिट द्या,” ती म्हणाली.

ती टेबलापासून पाऊल मागे आली आणि हात छातीशी जुळवून, कुठल्याही वस्तूला न शिवता, डोळे मिटून उभी राहिली. एप्रनचं ओझं खांद्यांवरून पाठीत उतरत होतं. कुणी घाई केली नाही. सुहास सरांनी ऑपरेशन थिएटरचा एसी जरा वाढवा, असं काहीतरी कुणाला तरी सांगितलं. मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला असावा. मग ती पुढं आली आणि बूच बसवलं. धार थांबली.

पावणेचारला ती बाहेर आली तेव्हा शिदू बाकावर नव्हता. तो जिन्याखाली, भिंतीला टेकून, गुडघ्यात डोकं घालून बसला होता. तिने सांगितलं की नळी बसली, दोन्ही हात गरम आहेत, बाकी उद्या ती जागी झाली की कळेल. शिदू उठून उभा राहिला आणि काय करावं न सुचून त्याने तिला विचारलं, “तुमी जेवला का?” ती नाही म्हणाली. तोही जेवला नव्हता. दोघंही कॅन्टीनमध्ये जाऊन वेगवेगळ्या टेबलांवर बसली आणि पुरी-भाजी खाल्ली.

बुधवारी सकाळी श्वासाची नळी काढली. रूपाने डोळे उघडले. सांगितल्यावर उजवा हात उचलला, मग डावा. बोट फिरवलं तसे डोळे फिरले, एकाची दोन माणसं दिसत नव्हती. पण बोलायला गेली तेव्हा आवाजच निघाला नाही. नुसती फाटकी कुजबूज. आवाजाची डावी नस त्या चिरेपाशीच वळसा घेते, तिला अपघातातच मार बसला होता आणि नंतर तिथं सूज चढत गेली होती. उजवी वाचली म्हणून गिळताना श्वासात पाणी जात नव्हतं, एवढंच. कधी सुधारेल ते सांगता येत नव्हतं, आणि स्नेहलने सांगितलंही नाही.

त्या दिवशी दुपारी सुहास सरांनी तिला जवळजवळ हाकलून काढलं. ती लोकलने कान्ह्याला गेली. खाचरं रिकामी झाली होती. वडिलांनी कापणी कालच संपल्याचं सांगितलं, पण बोल लावला नाही. तिने ओट्यावर पोतं टाकलं आणि ती आडवी झाली. उठवू नका असं तिने सांगितलं नव्हतं. तरी कुणी उठवलं नाही.

जानेवारीच्या शेवटी रूपा आणि शिदू तपासणीला आले. स्कॅनमध्ये फुगा आक्रसून गेला होता, नळी जागेवर होती, दोन्ही जोड वाहत होते. तब्येत मात्र पूर्वीची नव्हती. डावा हात वर करून काम केलं की लवकर भरून यायचा. आवाज घोगराच राहिला होता. बकऱ्या हाकायला जमत नाही, त्यांना हाका चिंगीला माराव्या लागतात, असं ती म्हणाली. चिंगी तिची मुलगी, नऊ वर्षांची. कॅम्पसाइटवर आता दुसरी बाई जात होती. रूपा घरीच होती. सासू ताट आधी वाढते, एवढा फरक पडल्याचं शिदूने सांगितलं.

रूपाने विचारलं, “चिंगीला बी असंल का तसं? चौथं?”

स्नेहलने सांगितलं की बहुतेक नसतं, आईला असलं म्हणून लेकराला असतंच असं नाही. तिला घास अडकतो असं वाटलं तर घेऊन या, उगाच काळजी करू नका. रूपाने मान हलवली, पण पटलं नसावं.

दरवर्षी एकदा स्कॅन करायला यावं लागेल, जन्मभर, हे स्नेहलने दोघांना समजावलं. तोपर्यंत मी इथं असेन की नाही माहीत नाही, असंही सांगितलं. दुसरा सर्जन फेब्रुवारीत येणार असं व्यवस्थापन म्हणत होतं. नोव्हेंबरपासून ते तेच म्हणत होतं. म्हणून तिने एक कागद लिहायला घेतला. एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत, कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल असा. शिदू सातवीपर्यंत शिकला होता. तिने तो कागद त्याच्या हातात दिला आणि वाचून बघा, काही कळलं नाही तर विचारा, म्हणाली.

शिदूने कागद दोन्ही हातांनी धरला आणि शब्दांवर बोट फिरवत मोठ्याने वाचला.

“या बाईंच्या महाधमनीला तीनऐवजी चार फाटे आहेत. चौथा फाटा उजव्या हाताचा. तो आता आतून बंद केला आहे. दोन्ही हातांना आणि मेंदूच्या मागच्या भागाला गळ्यातल्या दोन कृत्रिम नळ्यांतून रक्त जातं. गळ्यावर कुठंही चीर देण्याआधी हा कागद वाचावा.”

तो थांबला. खाली स्नेहलची सही होती, तीही त्याने वाचली. मग घडी घालून कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हाताने चाचपली.

कामशेतला जाणारी गाडी साडेबाराची होती. रूपा उठताना टेबलाला धरून उठली. दारापाशी ती थांबली आणि तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तुमी लय थकल्यावानी दिसता, बाई. जरा पडत जावा.”

“व्हय,” स्नेहल म्हणाली.

ती दोघं गेली. बाहेर अजून अकरा जण बसले होते. सविताने आत डोकावून पुढच्याला सोडू का म्हणून विचारलं. स्नेहलने दोन मिनिटं थांब म्हणून सांगितलं, टेबलावर हाताची घडी घातली आणि त्यावर डोकं टेकवलं. सविताने दार ओढून घेतलं. दोनाची पाच मिनिटं झाली, मग सविताने दार उघडलं.